निकाल राखून ठेवण्याचे शिक्षण

केंद्रीय माध्यमिक शिक्षण मंडळाच्या अकरावी-बारावीच्या अभ्यासक्रमात विधी अध्ययन या नावाचा जो एक वैकल्पिक विषय आहे, ज्याच्या लेखी परीक्षेस ८० आणि प्रकल्पास २० गुण आहेत, आणि ज्यात मालमत्ता, करार, अपकृत्ये यांच्या पंक्तीस फौजदारी कायद्याचेही प्रकरण आहे, तो विषय घेणारी मुले आमच्या धायरीत विरळाच. मौजे धायरी, तालुका हवेली, अशी महसुली दप्तरात नोंद असलेले हे गाव २०१७ साली पुणे महानगरपालिकेच्या हद्दीत सामावले गेले. आज धायरी फाट्यावरून आत वळावे तो दोन्ही अंगांस गृहसंकुले, लघुउद्योगांच्या शेड आणि शिकवणीवर्गांच्या पाट्या दिसतात, आणि त्या पाट्यांवर भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, गणित, हिशेब यांपलीकडच्या विषयाचे नाव क्वचितच आढळते. त्यामुळे ज्या मुलामुलींनी आवडीने, किंवा पुढे वकिली करावी या हेतूने, हा विषय घेतलेला असतो, त्यांना परीक्षेच्या दिवसांत स्वतःच्या बुद्धीवर आणि बाजारात मिळणाऱ्या मार्गदर्शिकेवर विसंबून राहावे लागते. मार्गदर्शिका त्यांना सांगते, की गुन्ह्याची व्याख्या अमुक, त्याचे घटक इतके, नव्या संहितेतील शिक्षेचे प्रकार सहा, दखलपात्र व अदखलपात्र गुन्ह्यांतील भेदाचे मुद्दे तमुक. हे सर्व मुखोद्गत करून उत्तरपत्रिकेत उतरविले म्हणजे फौजदारी न्यायाचा अभ्यास पुरा झाला, अशी विद्यार्थ्याची, त्याच्या पालकांची आणि पुष्कळदा त्याच्या शिक्षकांचीही समजूत होऊन बसते.

या समजुतीला माझा विरोध आहे. फौजदारी न्यायाच्या अभ्यासाने विद्यार्थ्याच्या अंगी एकच सामर्थ्य आले, तरी मी तो अभ्यास सफल मानीन. आणि ते सामर्थ्य म्हणजे पुरावा समोर येऊन तपासला जाईपर्यंत स्वतःचा निकाल राखून ठेवण्याचे. एखाद्या अपराधाची वार्ता कानी पडताच अपराधी कोण, त्याचा हेतू काय आणि त्याला कोणते शासन द्यावे, हे सारे चहाचा पेला रिकामा होण्यापूर्वी ठरवून टाकण्याची जी सवय आपल्या समाजाला जडली आहे, तिच्यावर दुसरा उपाय मला दिसत नाही. सतरा वर्षांचा हा विद्यार्थी वर्षभरात मतदार होणार आहे. तो उद्या फिर्यादी होईल, पंच होईल, साक्षीदार होईल, आणि त्याच्या दुर्दैवाने, त्याचा दोष असो वा नसो, आरोपीही होऊ शकेल. या चारही भूमिकांत त्याला उपयोगी पडेल असे काही त्याच्या हाती देण्याची संधी शाळेला या विषयाच्या निमित्ताने मिळाली आहे, आणि ती आपण व्याख्यांच्या पाठांतरात दवडीत आहोत.

या वर्षांत ही अडचण अधिक तीव्र झाली आहे, कारण कायदाच बदलला. १८६० ची भारतीय दंड संहिता, १९७३ ची फौजदारी प्रक्रिया संहिता आणि १८७२ चा पुरावा अधिनियम हे तीन कायदे मागे सारून १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता, भारतीय नागरिक सुरक्षा संहिता आणि भारतीय साक्ष अधिनियम यांचा अंमल सुरू झाला. जुन्या दंड संहितेची कलमे ५११ होती, नव्या न्याय संहितेची ३५८ आहेत. खुनाच्या शिक्षेचे ३०२ वे कलम आता १०३ वे झाले, आणि बोलीभाषेत लबाडीचा पर्यायच होऊन बसलेले ४२० वे कलम ३१८ मध्ये जाऊन मिसळले. साहजिकच जुन्या-नव्या क्रमांकांचे तक्ते छापले गेले, भिंतींवर चिकटले, आणि मुले ते घोकू लागली. मला या तक्त्यांचे फारसे महत्त्व वाटत नाही. कलमाचा क्रमांक वकिलाच्या मेजावरील पुस्तकात केव्हाही सापडतो. या संक्रमणात विद्यार्थ्याने खरोखर आत्मसात करावे असे एक तत्त्व आहे, आणि ते त्या तक्त्यांत कोठेही नसते. राज्यघटनेच्या २० व्या अनुच्छेदाने असे बजावले आहे, की कृत्य घडले त्या वेळी जो कायदा अंमलात होता त्याच कायद्यान्वये मनुष्यास दोषी ठरवावे आणि त्या कायद्याने सांगितलेल्या शिक्षेहून अधिक शिक्षा त्याला देऊ नये. म्हणून ३० जून २०२४ च्या रात्री घडलेला गुन्हा १८६० च्या संहितेखालीच न्यायासनासमोर राहील आणि दुसऱ्या दिवशी सकाळी घडलेला गुन्हा नव्या संहितेखाली. आपली न्यायालये पुढील अनेक वर्षे या दोन्ही संहिता हाताशी ठेवून काम करतील. राज्यसत्तेला मागे वळून शिक्षा करता येत नाही, हा केवढा मोठा निर्बंध आहे, हे ज्याला उमगले त्याला क्रमांक विसरला तरी चालेल.

आपल्या मराठी मुलांना न्यायाची पहिली ओळख बहुधा रामशास्त्री प्रभुण्यांच्या कथेतून होते. ३० ऑगस्ट १७७३ रोजी शनिवारवाड्यात नारायणराव पेशव्यांचा वध झाला, आणि त्या वधाचा दोष सत्तेवर आलेल्या रघुनाथरावांच्याच पदरी घालण्याचे धैर्य या न्यायाधीशाने दाखविले. ही कथा आमच्या पिढ्यांनी अभिमानाने ऐकली आणि पुढेही ऐकावी. परंतु तिच्यामुळे आपल्या मनात एक ग्रह असा दृढ झाला आहे, की न्याय म्हणजे एका निःस्पृह पुरुषाचे तेज. तो पुरुष लाभला तर न्याय मिळतो आणि न लाभला तर मिळत नाही. आधुनिक फौजदारी न्यायाची रचना या ग्रहावर उभारलेली नाही. न्यायाधीश मध्यम बुद्धीचा असेल, तपासी अंमलदार घाईत असेल, सरकारी वकिलाच्या हाती एका दिवसात अनेक प्रकरणे असतील, साक्षीदार भ्यालेला असेल, असे सारे गृहीत धरून, तरीही निरपराध मनुष्य सुटावा, यासाठी ती पायरीपायरीने बांधलेली आहे. फिर्याद लिहून घेतल्यावर तिची प्रत फिर्याद देणाऱ्यास विनामूल्य द्यावयाची. अटक केलेल्यास चोवीस तासांच्या आत दंडाधिकाऱ्यासमोर उभे करावयाचे. पोलिसांपुढे दिलेला कबुलीजबाब आरोपीविरुद्ध पुरावा म्हणून चालवायचा नाही. आणि नव्या कायद्याने घातलेली भर अशी, की झडती व जप्ती यांचे चित्रमुद्रण करावयाचे आणि सात वर्षे किंवा त्याहून अधिक शिक्षेच्या गुन्ह्यांत न्यायवैद्यक तज्ज्ञाने घटनास्थळी जावयाचे. यांतील प्रत्येक पायरी कोणत्या ना कोणत्या जुन्या अन्यायानंतर घातली गेली आहे. विद्यार्थ्याने ती पायरी पाठ करण्यापूर्वी तो अन्याय जाणून घ्यावा, एवढीच माझी मागणी आहे.

त्यासाठी दूरदेशीचे दाखले शोधण्याची गरज नाही. महाराष्ट्राच्याच न्यायेतिहासात ते विपुल आहेत. २००३ सालच्या एका भयंकर दरोड्यात आणि हत्याकांडात भटक्या जमातीतील सहा मजूर आरोपी झाले. २००९ साली सर्वोच्च न्यायालयाने त्यांतील तिघांची फाशी कायम केली आणि उरलेल्या तिघांनाही, ज्यांना उच्च न्यायालयाने जन्मठेप दिली होती, फाशीच सुनावली. त्यानंतर दहा वर्षांनी, ५ मार्च २०१९ रोजी, त्याच सर्वोच्च न्यायालयाने प्रकरण पुन्हा ऐकून सहाही जणांना निर्दोष ठरविले, आणि प्रत्येकास ५ लाख रुपये भरपाई देण्याचा हुकूम राज्य सरकारला केला. घटनेतून वाचलेल्या साक्षीदाराने पोलिसांच्या दप्तरातील छायाचित्रांवरून निराळ्याच चार माणसांची ओळख पटविली होती, आणि तो धागा तपासात सोडून दिला गेला होता. सोळा वर्षे ही माणसे तुरुंगात होती. गुन्हा घृणास्पद होता यात कोणास शंका नव्हती. शंका होती ती एवढीच, की तो यांनी केला काय. या दोन प्रश्नांची गल्लत करणे किती सोपे असते, आणि देशातील सर्वोच्च न्यायासनाकडूनही ती कशी होऊ शकते, हे या एका प्रकरणावरून जितके कळते तितके निर्दोषत्वाच्या गृहीतकावरील दहा ओळींच्या टिपणाने कळणार नाही.

दुसरे प्रकरण तर आमच्या शहरातलेच आहे. २६ ऑगस्ट १९९४ रोजी पौड रस्त्यावरील एका घरात सात जणांची, त्यांत स्त्रिया आणि लहान मुलेही होती, हत्या झाली. पुणे हादरले, त्या वेळी जाणते असलेल्या पुणेकरांना ते दिवस अद्याप आठवतात. दोघांना फाशीची शिक्षा झाली आणि २००० साली ती सर्वोच्च न्यायालयात कायमही झाली. त्यांपैकी एकाने पुढे असे प्रतिपादले, की घटनेच्या वेळी मी अल्पवयीन होतो. त्याच्या राजस्थानातील शाळेच्या नोंदीत त्याचे नाव निराळे होते आणि जन्मतारीखही तिथेच होती. सर्वोच्च न्यायालयाने त्याच्या वयाची चौकशी पुण्याच्या प्रमुख जिल्हा व सत्र न्यायाधीशांकडे सोपविली, आणि अखेर २०२३ च्या मार्चमध्ये असा निर्णय दिला, की गुन्हा घडला तेव्हा त्याचे वय बारा वर्षे सहा महिने होते. ज्याला बाल न्यायाच्या कायद्यान्वये अधिकात अधिक तीन वर्षे सुधारगृहात ठेवता आले असते, त्याने अठ्ठावीस वर्षांहून अधिक काळ कारावासात काढला होता, आणि त्यातील बहुतेक काळ फाशीच्या छायेत. मृतांच्या आप्तांचे दुःख या निर्णयाने कणभरही हलके झाले नाही, आणि ते व्हावे अशी अपेक्षाही कोणी करू नये. परंतु अल्पवयाचा मुद्दा खटल्याच्या कोणत्याही टप्प्यावर, अंतिम निकालानंतरसुद्धा, उपस्थित करता येतो, हा बाल न्याय अधिनियमातील नियम शिकणाऱ्या विद्यार्थ्याने त्या अठ्ठावीस वर्षांचा हिशेब एकदा तरी मनाशी मांडून पाहावा.

आणि मग त्याने १९ मे २०२४ च्या पहाटे कल्याणीनगरात जे घडले त्याकडे वळावे. सतरा वर्षांच्या एका मुलाच्या हाती असलेल्या महागड्या मोटारीने दोन तरुण अभियंत्यांचा प्राण घेतला, आणि काही तासांतच बाल न्याय मंडळाने त्या मुलाला जामीन देताना रस्ते अपघातांवर तीनशे शब्दांचा निबंध लिहिण्याची अट घातली. त्या निबंधाने साऱ्या देशात जो संताप उसळला तो अनाठायी होता, असे मी म्हणणार नाही. दोन घरे उद्ध्वस्त झाली होती. रक्ताचे नमुने बदलल्याच्या आरोपावरून शासकीय रुग्णालयातील डॉक्टरांना अटक झाली. श्रीमंताला एक न्याय आणि गरिबाला दुसरा, ही लोकांची जुनी वेदना पुन्हा उफाळून आली. पण माझ्या परिचयातील बारावीची मुले जेव्हा या प्रकरणावर वाद घालीत, तेव्हा त्यांपैकी बहुतेकांचा युक्तिवाद त्या संतापापाशी सुरू होऊन त्या संतापापाशीच संपत असे. विधी अध्ययनाच्या विद्यार्थ्याने तेथून पुढे जावयास हवे. सोळा ते अठरा वयाच्या मुलास प्रौढ समजून खटला चालवावा काय, हा प्रश्न २०१५ च्या बाल न्याय अधिनियमाने फक्त घोर गुन्ह्यांपुरताच खुला ठेवला आहे. घोर गुन्हा म्हणजे ज्यास कायद्याने किमान सात वर्षांची शिक्षा सांगितली आहे तो. आणि ज्या गुन्ह्याची कमाल शिक्षा जबर असली तरी किमान शिक्षा सांगितलेली नाही तो या वर्गात बसत नाही, असा अर्थ सर्वोच्च न्यायालयाने २०२० साली लावला आहे. सदोष मनुष्यवधाच्या जुन्या ३०४ व्या कलमात अशी किमान शिक्षा नाही. २०२४ च्या जूनमध्ये मुंबई उच्च न्यायालयाने त्या मुलास निरीक्षणगृहातून सोडण्याचा हुकूम दिला, आणि २०२५ च्या जुलैमध्ये बाल न्याय मंडळाने त्याला प्रौढ मानण्याची पोलिसांची मागणी फेटाळली. हे निर्णय पटोत वा न पटोत, त्यांचा आधार काय हे ज्याला सांगता येईल त्याच्या असंतोषाला वजन येईल. कायदा बदलावा असे ज्याला वाटते त्याने नेमके कोणते वाक्य बदलावे हे दाखवून द्यावे. एरवी त्याचे मत वर्तमानपत्राच्या मथळ्याची पुनरुक्तीच ठरते.

१९९४ आणि २०२४ ही दोन पुणेरी प्रकरणे एकमेकांशेजारी ठेवून वाचावीत, असे मला आग्रहाने वाटते. एकात परप्रांतातून आलेला निर्धन मुलगा, ज्याचे वय विचारण्याची तसदी कोणी वेळीच घेतली नाही. दुसऱ्यात धनिकाचा मुलगा, ज्याचे वय पहिल्याच दिवशी मंडळासमोर मांडले गेले. कायद्याने दोघांनाही एकच संरक्षण देऊ केले होते. ते एकाला तत्काळ लाभले आणि दुसऱ्याला अठ्ठावीस वर्षांनी. आणि यातून जो प्रश्न उद्भवतो तो धनिकाच्या मुलाचे संरक्षण काढून घ्यावे काय, हा नव्हे, तर निर्धनाच्या मुलाला ते पहिल्याच दिवशी कसे मिळेल, हा आहे. देशातील तुरुंगांत जे बंदी आहेत त्यांपैकी सुमारे तीन-चतुर्थांश कच्चे कैदी आहेत, म्हणजे ज्यांचा अपराध अद्याप सिद्ध व्हावयाचा आहे असे. हा आकडा ज्या पाठात येतो त्या पाठाच्या शेजारीच हा प्रश्न विचारला गेला पाहिजे.

तथापि आरोपीच्या हक्कांवर इतका भर दिल्यास पीडिताचा विसर पडेल, ही शंका रास्त आहे, आणि तिचेही उत्तर महाराष्ट्राच्याच इतिहासात आहे. १९७२ साली त्या वेळच्या चंद्रपूर जिल्ह्यातील देसाईगंजच्या पोलीस ठाण्यात एका आदिवासी मुलीवर अत्याचार झाला. उच्च न्यायालयाने दोघा पोलिसांना दोषी धरले, परंतु १९७८ साली सर्वोच्च न्यायालयाने, मुलीच्या अंगावर झटापटीच्या खुणा नाहीत यावरून तिची संमती असल्याचा तर्क करून, त्यांना मुक्त केले. त्या निकालानंतर चार विधिशिक्षकांनी, उपेंद्र बक्षी, लतिका सरकार, रघुनाथ केळकर आणि पुण्याच्या वसुधा धागमवार यांनी, १९७९ साली सरन्यायाधीशांना एक खुले पत्र लिहिले, आणि असहाय शरणागती म्हणजे संमती नव्हे, हा भेद न्यायालयाच्या ध्यानात आणून दिला. देशभर स्त्रिया रस्त्यावर आल्या, आणि १९८३ साली कायदा बदलला: कोठडीतील अशा अत्याचारात, संबंध सिद्ध झाल्यावर, आपली संमती नव्हती असे स्त्रीने न्यायालयात सांगितल्यास न्यायालयाने ती नव्हती असेच गृहीत धरावे. म्हणजे निर्दोषत्वाच्या गृहीतकालाही संसदेने, विचारपूर्वक आणि एका ठरावीक परिस्थितीपुरता, अपवाद केला. तो का केला, कोणत्या मर्यादेत केला आणि सर्वच गुन्ह्यांना का लावला नाही, याचे उत्तर ज्या विद्यार्थ्याला स्वतःच्या शब्दांत लिहिता येईल त्याने या प्रकरणाचा अभ्यास केला आहे असे मी म्हणेन. शिवाय न्यायालयाच्या निकालाचा आदर राखूनही त्यावर सप्रमाण टीका करता येते, हा धडाही त्याला त्या पत्रातून मिळेल.

आता प्रत्यक्ष तयारीविषयी. धायरीहून शिवाजीनगरचे जिल्हा व सत्र न्यायालय एका बसप्रवासाच्या अंतरावर आहे. फौजदारी न्यायालय सामान्यतः सर्वांस खुले असते, हा नुसता शिष्टाचार नसून कायद्यातील तरतूद आहे; बाल न्याय मंडळ आणि लैंगिक अत्याचाराचे खटले यांचे कामकाज मात्र बंद दाराआड चालते, आणि तसे का, हेही मुलांना सांगण्यासारखे आहे. शिक्षकाने आगाऊ परवानगी घेऊन आठ-दहा मुलांना सत्र न्यायालयाच्या मागील बाकांवर दिवसभर बसवावे. पुकारा होतो, आरोपी पिंजऱ्यात उभा राहतो, पुढची तारीख पडते. पंच येतो आणि पंचनाम्यावरील सही माझी असली तरी मजकूर मला वाचून दाखविला नव्हता असे सांगतो. सरकारी वकील त्याला फितूर घोषित करण्याची परवानगी मागतात. आरोपीचे वकील उलटतपासात अंतर, उजेड आणि वेळ यांविषयी वरवर क्षुल्लक दिसणारे प्रश्न विचारतात. पुस्तकातील पुराव्याचे प्रकरण त्या दिवसानंतर निराळ्या रीतीने वाचले जाईल. जिल्हा न्यायालयांत मराठीतून साक्षी होतात, ही आपल्या मुलांना लाभलेली मोठीच सोय आहे. परीक्षा इंग्रजीत द्यावयाची असली तरी समजून घेण्याचे काम मातृभाषेत होऊ शकते.

पोलीस ठाण्यासही भेट द्यावी. सिंहगड रस्ता परिसराची वस्ती वाढली तशी ठाण्यांचीही वाटणी झाली; आपले घर कोणत्या ठाण्याच्या हद्दीत येते हे अनेक घरांत कोणालाच ठाऊक नसते. हद्दीचा वाद न घालता कोणत्याही ठाण्याने फिर्याद नोंदवावी आणि मग ती योग्य ठाण्याकडे पाठवावी, ही तरतूद आता संहितेत आली आहे. ठाणे अंमलदारासमोर बसून ती कशी अंमलात येते हे विचारणाऱ्या विद्यार्थ्याला तिचा अर्थ कळेल, आणि ठाण्याची पायरी चढण्याची जी अनामिक भीती आपल्या मध्यमवर्गात असते तीही ओसरेल.

वीस गुणांच्या प्रकल्पासाठी मुले बहुधा मोठमोठे विषय निवडतात, भारतातील गुन्हेगारी किंवा फाशीची शिक्षा असावी की नसावी, आणि मग इकडूनतिकडून मजकूर जमवून तो सुशोभित करतात. त्याऐवजी एकच निकालपत्र आरंभापासून अखेरपर्यंत वाचावे. १९७८ चा होसकोट यांच्या खटल्यातील निकाल घ्या: कैद्याला निकालाची प्रत वेळेवर मिळाली नाही, एवढ्या साध्या गोष्टीवरून न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी अपिलासाठी मोफत विधिसाहाय्य हा कैद्याचा हक्क असल्याचे प्रतिपादन केले. किंवा पत्रकार शीला बारसे यांच्या पत्रावरून १९८३ साली दिलेला निकाल घ्या, ज्यात मुंबईच्या कोठड्यांतील स्त्रियांसाठी स्वतंत्र कोठडी आणि स्त्री शिपायांचा पहारा यांचे निर्देश आहेत, आणि अटक झालेल्यास कोठडीत मारहाण झाली काय हे दंडाधिकाऱ्याने स्वतः विचारावे असेही त्यात सांगितले आहे. ज्यांना इतिहासाची गोडी आहे त्यांनी ज्यूरीचा विषय घ्यावा: १९०८ साली टिळकांना सात विरुद्ध दोन मतांनी दोषी ठरविणारी ज्यूरी, १९५९ साली नानावटींना आठ विरुद्ध एक मतांनी निर्दोष ठरविणारी ज्यूरी, तिचा निर्णय सत्र न्यायाधीशांनी न स्वीकारता उच्च न्यायालयाकडे पाठविणे, आणि अखेर १९७३ च्या संहितेत त्या पद्धतीला मिळालेली मूठमाती. दोन्ही खटले मुंबईतले. पहिल्यात सत्तेचे भय आणि दुसऱ्यात जनमताचा लोंढा ज्यूरीच्या खोलीत कसा शिरला, याची चिकित्सा करणारा पंधरा पानांचा प्रकल्प कोणत्याही परीक्षकाला समाधान देईल.

लेखी परीक्षेत एखादी काल्पनिक घटना सांगून आरोपीने कोणता गुन्हा केला असे विचारले जाते. येथे विद्यार्थी फार घाई करतात. घटनेतील पहिल्याच ठळक शब्दावर झेप घेऊन कलम लिहून मोकळे होतात. माझा सल्ला असा, की उत्तराच्या आरंभी चार गोष्टी शोधाव्यात: कृत्य कोणते सिद्ध होते, त्या वेळी मनात काय होते याचा पुरावा कोणता, कोणता अपवाद, बालवय, मनोविकलता, स्वसंरक्षण, लागू पडू शकेल, आणि जे सिद्ध करावयाचे ते सिद्ध करण्याची जबाबदारी कोणाची. या चारही गोष्टी पाहून झाल्यावर कलमाचे नाव घ्यावे, आणि घटनेत आवश्यक माहिती दिलेली नसेल तर ती दिलेली नाही असे निःसंकोच लिहावे. परीक्षकांनीही अशा उत्तरास गुण द्यावेत. न दिलेली माहिती गृहीत न धरणे हेच येथे ज्ञान आहे.

राज्य मंडळाच्या कनिष्ठ महाविद्यालयांत शिकणाऱ्या, धायरीतल्या बहुसंख्य मुलांना तर या विषयाचा स्पर्शही होत नाही. त्यांतील जी विधी महाविद्यालयांच्या प्रवेशपरीक्षेस बसतात ती बहुपर्यायी प्रश्नांच्या सरावातून कायद्याची ओळख करून घेतात, आणि उरलेली चित्रपटांतून. माझी सूचना अगदी मर्यादित आहे. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचे एक काम लोकांत कायद्याची जाणीव वाढविणे हेच आहे. परिसरातील शाळांनी आणि कनिष्ठ महाविद्यालयांनी जूनमध्येच प्राधिकरणाकडे लेखी मागणी करून वर्षातून दोन व्याख्याने आणि न्यायालयाची एक भेट ठरवून घ्यावी. स्त्रिया, मुले, अनुसूचित जाती-जमातींतील व्यक्ती आणि कोठडीत असलेला कोणीही मनुष्य, यांना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो, आणि त्यासाठी १५१०० हा दूरध्वनी क्रमांक आहे, एवढे तरी प्रत्येक मुलाने घरी जाऊन सांगावे. आणि केंद्रीय मंडळाच्या प्रश्नपत्रिका काढणाऱ्यांना माझी विनंती आहे, की त्यांनी नावे-गावे बदललेला एक पंचनामा आणि एका साक्षीदाराचा उलटतपास, अशी दोन पाने प्रश्नपत्रिकेत छापावीत आणि या दोहोंत विसंगती कोठे आहे व तिचा परिणाम काय होईल असे विचारावे. त्या एका प्रश्नाला ८० पैकी १० गुण ठेवले, तर पुढील वर्षीच्या मार्गदर्शिका आपोआप निराळ्या लिहिल्या जातील.